दुखणे आणि आकडा

दुखण्याला भाषा नसते, असे मी पुष्कळदा ऐकले आहे. एकदोन भाषणांत ठोकूनही दिले आहे. पण दुखण्याला आकडा असतो, हे मात्र मला आमच्या धाकट्या मुलीने शिकवले.

ही मुलगी काय नोकरी करते, हे शेजाऱ्यांना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. अमेरिकेतल्या इस्पितळांतून डॉक्टरांच्या नोंदी तिच्या संगणकावर येतात. रोग कोणता, उपचार कोणता, हे वाचून ती प्रत्येकाला ठरलेला आकडा लावते. त्या आकड्यांवर तिथे बिल होते आणि विमा कंपनी पैसे देते. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या घरात मध्यरात्री चहा होतो. मी कुतूहलाने डोकावलो की ती पडदा झाकते. "रोग्याची माहिती कुणाला दाखवायची नसते, बाबा. १९९६चा कायदा आहे तिथे." आपल्याकडे खाटेभोवती बसून सबंध आळी रोग्याच्या पोटाची चर्चा करते, हे कुणीतरी त्या अमेरिकनांना कळवायला हवे.

गेल्या वर्षी एका रात्री पडद्याऐवजी मी तिचे आकड्यांचे पुस्तक चाळत बसलो. पायांच्या फुगलेल्या शिरांचे पान निघाले. शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की वर जायचे रक्त खाली परतते आणि शिरा फुगून गाठाळतात. ती शीर आतून रेडिओलहरींच्या उष्णतेने बंद केली तर ३६४७५, लेसरने केली तर ३६४७८. बारीक छेद घेऊन शिरा काढल्या तर एका पायावरचे छेद मोजायचे. दहा ते वीस असले तर ३७७६५, वीसांहून अधिक तर ३७७६६.

"आणि डॉक्टरांनी 'बरेच छेद' असं लिहिलं तर?"

"बरेच म्हणजे किती, ते त्यांना विचारावं लागतं."

रोगाचे आकडे निराळे. दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या आहेत, पण तक्रार नाही : आय ८३.९३. त्याच शिरा, पण दुखतात : आय ८३.८१३.

"एवढ्याशा फरकानं काय होतं?" मी विचारले.

"सगळं होतं. तक्रार नाही म्हटलं की विमावाले म्हणतात, शस्त्रक्रिया शोभेसाठी केली, पैसे मिळणार नाहीत. दुखतं असं नोंदीत हवं, काही आठवडे घट्ट मोजे घालूनही गुण आला नाही असं हवं, आणि रक्त उलटं वाहतंय हे सोनोग्राफीत दिसायला हवं."

"मग तूच लिही की दुखतं म्हणून! तुझ्या बापाचं काय जातं?"

"ते खोटं बिल होतं, बाबा. डॉक्टरांना विचारता येतं. पण 'दुखतं असं लिहा' असं सुचवायचंही नसतं. आमच्यात म्हणतात, लिहिलं नाही ते झालंच नाही."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. साडीचा काठ वर खोचलेला होता. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. 'कोकणातल्या नद्यांचा नकाशा' असा त्यांवर माझा एक जुना विनोदही होता, आणि ती त्याला हसत असे. पस्तीस वर्षे ही बाई पहाटे ओट्यापाशी उभी राहिली आणि दिवसा शाळेत फळ्यापाशी. मी प्रथमच विचारले, "तुझे पाय दुखतात का गं?"

"काही नाही हो. व्हायचंच तेवढं."

"आय ८३.९३," मुलगी हळूच म्हणाली आणि पडद्याकडे वळली. मला मात्र तो चहा जाईना.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. "त्रास काय होतो?" त्यांनी विचारले.

"तसा काही…" म्हणून ही थांबली. डॉक्टरांची लेखणीही थांबली. मुलगी गप्प होती. सुचवायचे नसते ना! मीही ओठ दाबून बसलो. बऱ्याच वेळाने ही म्हणाली, "दुखतात. संध्याकाळी फार ठणकतात. रात्री पेटके येतात. बारा वर्षं झाली."

डॉक्टर लिहू लागले. बारा वर्षांपूर्वी मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि रिकामपणामुळे दिवसातून पाच वेळा चहा मागू लागलो होतो. ते तिने सांगितले नाही, म्हणून नोंदीत आले नाही.

मार्चमध्ये दोन्ही पायांच्या शिरा लेसरने बंद झाल्या. यंदाच्या दिवाळीत ही पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली आहे, आणि ओट्यापाशी सोऱ्या घेऊन मी उभा आहे.

"झाल्या का चकल्या?"

"झाल्या बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे किती?" मायलेकी एकदम ओरडल्या.

मोजल्या. एकोणीस भरल्या. तासभर उभे राहून माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि ते मी तत्काळ मोठ्याने सांगितलेसुद्धा.