नस, स्टेंट आणि चतुर्दशीचा उपवास



गेल्या श्रावणात ह्यांचा डावा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप बराही झाला. तपासणीत मेंदूतली एक मुख्य रक्तवाहिनी ऐंशी टक्के अरुंद निघाली. घरात सगळ्यांचं एकच, "स्टेंट टाका आणि मोकळे व्हा." भावजींच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, त्यामुळे ते तर तज्ज्ञच!

डॉक्टर मात्र गोळ्यांवर ठाम. मी कॉमर्सची, आकडे विचारले. त्यांनी अमेरिकेतला सॅमप्रिस अभ्यास सांगितला. ४५१ रुग्ण, सगळ्यांची मेंदूतली वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद. औषधं दोन्ही गटांना तीच, एका गटाला वर स्टेंट. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू नुसत्या औषधवाल्यांत ५.८ टक्के, स्टेंटवाल्यांत १४.७! २०११ मध्ये नवे रुग्ण घेणंच थांबवलं. मेंदूतल्या वाहिन्यांच्या भिंती पातळ, वळणं फार. स्टेंट बसवताना मुख्य वाहिनीच्या केसासारख्या फांद्यांची तोंडं बुजू शकतात. मानेतल्या वाहिनीचं गणित वेगळं, तिथे स्टेंट बसवतात. २०२४ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात मेंदूतली वाहिनी फुग्याने हळूच रुंदावण्याचा फायदाही दिसला. "औषधं घेऊनही झटका आला, तर तो विचार करू," डॉक्टर म्हणाले.

खरी अडचण पुढेच होती. दसलक्षणात चतुर्दशीचा निर्जळी उपवास हा ह्यांचा तीस वर्षांचा नेम. पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो आणि अरुंद वाहिनीतून पुढे रक्त पोचत नाही, म्हणून डॉक्टरांनी साफ मनाई केली. हे दोन दिवस माझ्याशीच बोलले नाहीत, जणू मनाई मी केली होती! शेवटी मंदिरात माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, अवमौदर्य आणि रसपरित्याग हीसुद्धा तपंच आहेत. ह्यांनी मीठ आणि तूप सोडलं. रक्तदाबालाही ते बरंच.

गोळ्यांचं सांगते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं. दुकानदाराला विचारलं, तेच औषध साध्या गोळीत मिळालं. रात्रीची गोळी सूर्यास्ताआधी चालेल का, हेही डॉक्टरांना विचारून घेतलं. चालते म्हणाले. तुम्हीही आपापल्या डॉक्टरांना विचारा, पण मनाने गोळी चुकवू नका.

चतुर्दशीला हे दिवसभर थोडं थोडं प्रासुक पाणी प्यायले. प्रत्येक पेल्याला माझ्याकडे रागाने बघत.