लाव्हाच्या जिन्यावरून कळसूबाईला

ऑस्ट्रिया देशातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे ग्रोसग्लॉकनर. उंची ३,७९८ मीटर. ते जवळून बघायला चक्क मोटारीचा रस्ता आहे! १९३५ साली तो खुला झाला. छत्तीस वळणं घेत गाडी वर जाते आणि शिखर समोर उभं राहतं. शेजारची पास्टर्झे नावाची हिमनदीही दिसते, पण ती आता बरीच आटली आहे.

आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. इथं रस्ता पायथ्याच्या बारी गावाशीच थांबतो. पुढे आपले पाय!

पण मित्रांनो, गाडीत झोपून जाऊ नका बरं का. पुण्याहून निघालं की खेड, मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत संगमनेर येतं. तिथं नाशिकचा रस्ता सोडायचा आणि अकोल्याकडे वळायचं. (हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे!) सोबतीला प्रवरा नदी असते. राजूर सोडलं की डोंगर जवळ येतात. आता नीट बघा. प्रत्येक डोंगराच्या अंगावर आडवे पट्टे दिसतील. एक सरळसोट कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. जणू पुरणपोळ्यांची चळतच!

ही चळत रचली लाव्हाने. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि तप्त लाव्हा बाहेर येऊन पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा... असं लाखो वर्षं चाललं. पुढे पावसापाण्याने हे थर झिजले. टणक थराचा कडा झाला, ठिसूळ थराचा उतार. म्हणजे हिमालयासारखी जमीन वळकटी होऊन हा डोंगर उचलला गेलेला नाही. आजूबाजूचं झिजून गेलं आणि हा मागे उरला. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे हं! जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आलंय.

बारीतून निघालं की हाच जिना पायांना कळतो. उतारावर पाऊलवाट असते आणि टणक थराचा कडा आडवा आला की लोखंडी शिडी. आमच्याबरोबरची सातवीतली एक मुलगी पहिल्याच शिडीपाशी अडून बसली. काही केल्या हलेना. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेल्या गावातल्या एक आजी वरून उतरत आल्या. म्हणाल्या, "पोरी, तोंड दगडाकडं कर, मंग भ्या नाय वाटत." मुलगी दगडाकडे बघत चढली, आणि पुढच्या शिडीला सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली!

माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात, की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला होती. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, ही तिची अट. एकदा पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं. तशी ती तडक डोंगरावर निघून गेली. तिथंच तिचं देऊळ झालं. मला तर ही करारी मुलगी फारच आवडली.

वर वारा असा, की टोपी गेलीच समजा. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यापलीकडे रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. त्यांचे कडे आणि उतार ओळीने बघत गेलात, तर रस्त्यावरून पाहिलेले पट्टे इथंही सापडतील.

पावसाळ्यात दगड निसरडा असतो आणि रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आडवार गाठावा. चढायला तीन तास धरा, पाणी भरपूर घ्या, अंधाराच्या आत बारीत परता. उतरतानाही शिडीवर तोंड दगडाकडेच!