इतिहासाला स्कोप नाही म्हणे!

पोस्ट जरा लांबली आहे, पण ज्यांच्या घरात बारावी झालेलं लेकरू आहे त्यांनी वाचाच.

मागच्या आठवड्यात भाची बी.ए.चा फॉर्म घेऊन घरी आली. इतिहास मेजर घ्यायचा एवढं तिचं पक्कं. "पण मामा, पुढचे पेपर कोणते घेऊ? मेजर, मायनर, इलेक्टिव्ह, वरून स्किलचा पेपर वेगळाच. मला काही कळंना." खरं सांगतो, मलाही कळंना. आमच्या वेळी तीन विषय घ्यायचे, गाइड आणायचं, झालं.

दाजींचं म्हणणं सरळ होतं. "आधुनिक भारत घे, एमपीएससीला कामी येतं. बाकी इतिहासाला स्कोप नाही." चूक म्हणता येत नाही. पोरीचा बाप आहे, पुढची काळजी त्यालाच.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कॉलेजात गेलो. स्किलच्या रकान्यात दोन नावं होती, पर्यटन आणि मोडी लिपी. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, "पर्यटनावर टिक करा. मोडीला शिकवणारं कुणी नाही."

"मग फॉर्मवर कशाला छापलंय?"

"यादीत आहे म्हणून."

इतिहासाला एक सर कायम, एक तासिका तत्त्वावर. नव्या शैक्षणिक धोरणात निवडीच्या स्वातंत्र्याचा लई गवगवा आहे, आणि कल्पना मला पटते सुद्धा. पण शिकवायला माणूस नसेल तर पोरीनं निवडायचं काय, कागद?

आता २०२३ आठवा. अंतरवाली सराटी आपल्याच अंबड तालुक्यातली. सप्टेंबरमध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. आरक्षणावर तुमचं मत काही असो, ते इथं बाजूला ठेवू. कागद होते, पण कुठं मोडीत, कुठं उर्दूत. वाचणारी माणसं हुडकायची वेळ आली. आमच्याही आजोबांच्या पेटीत एक घडी घातलेला कागद होता. तीन पिढ्या जपला, वाचला कुणीच नाही. ओळखीतून एक म्हातारे गुरुजी मिळाले, त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचला. निघालं काय? उसन्या ज्वारीचा हिशोब! आम्ही सगळे हसलो, पण आई हसली नाही. सासऱ्यांची सही तिनं पहिल्यांदाच बघितली होती.

हे सगळं मी भाचीला फटफटीवर सांगत होतो. मधेच विचारलं, "असईला काय झालं माहितीये का?" तिची आत्या असईजवळच दिलेली, दिवाळीला जाऊन येते, पण माहीत नव्हतं. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा एकीकडं, आर्थर वेलस्ली दुसरीकडं. हाच वेलस्ली पुढं १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा, आणि तोही म्हातारपणी असईचीच लढाई आपली सगळ्यात मोठी मानायचा. आणि भोकरदन? सातवाहनकाळातलं भोगवर्धन. १९७० च्या दशकात तिथं खोदकाम झालं. त्यात सापडलेली हस्तिदंताची बाहुलीएवढी स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. ती पॉम्पेईची मूर्ती इकडूनच गेली असावी, असंही काही अभ्यासक म्हणतात. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं ते गाव!

"मामा, हे परीक्षेला येतं का?"

आता काय सांगावं.

घरी बसून फॉर्म भरला. आधुनिक भारत घेतला, दाजींचा शब्द राहिला. त्याच्या जोडीला प्राचीन भारत घेतला, तो तिच्या मनानं. स्किलला तिनं मोडीवर टिक केली. भाऊसाहेबांनी परत बघितलं, मान हलवली, शिक्का मारला.

कायम असलेल्या सरांना गाठलं. माणूस भला. म्हणाले, "दहा पोरं आणा, आठवड्यातून एकदा बाहेरून शिकवणारा बोलवायचं प्राचार्यांशी मी बोलतो." भाचीनं मैत्रिणींना फोन लावायला सुरुवात केली. काल संध्याकाळपर्यंत सहा झाल्या. सातवा एक पोरगा हो-नाही करतोय, त्याच्या बापाला मी आज भेटणार आहे. भोकरदन-जाफराबादकडं कुणाचं लेकरू बी.ए.ला असेल तर कळवा, तीनच कमी आहेत.