घराचा खिळा, होडीचा खिळा

आमचे अब्बा उरणच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचे. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले, रस्त्यावर कंटेनर धावू लागले आणि आम्ही भावांनी होड्या सोडून ट्रेलरचा पाना हाती घेतला. अब्बा तेव्हा एवढेच म्हणाले, "पोरांनो, घराचा खिळा होडीला मारू नका." साधा लोखंडी खिळा दाराला जन्मभर पुरतो. खाऱ्या पाण्यात तोच गंजतो आणि फळी सुटते. आम्ही हसलो. ट्रेलरला कुठे खिळे असतात?

एका दुपारी ओळखीचा ड्रायव्हर आला. ट्रेलरच्या ब्रेकचा हवेचा पाईप चिरला होता. "मिस्त्री, काहीतरी करा. जहाज चुकलं तर शेठ पगारातून कापेल." योग्य पाईप पनवेलहून आणायचा तर संध्याकाळ झाली असती. आमच्याकडे टायरात हवा भरायचा प्लास्टिकचा पाईप होता. तोच लावला. पायडल दाबून पाहिले, हवा गळत नव्हती.

उभ्या, गार गाडीत तो टिकला. पण उन्हाचा चटका, सायलेन्सरची धग आणि खड्ड्यांचे हादरे त्याच्या नशिबी कधी आलेच नव्हते. पुलाच्या उतारावर पायडल दाबताच तो फुटला. ट्रेलरचे ब्रेक गेले, मागच्या कंटेनरने गाडी पुढे रेटली आणि ती दुभाजकावर चढली. ड्रायव्हरचा पाय मोडला. समोर कोणी नव्हते, ही खुदाची मेहेर.

दवाखान्यात तो म्हणाला, "मिस्त्री, घाई माझीच होती." घाई त्याची होती हे खरे, पण पाईपची जात ओळखणारे आम्ही होतो ना?

ही चूक फक्त गॅरेजवालेच करतात असे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या पडद्यामागे मोबाइलमध्ये असते त्या जातीची मेमरी चिप होती. सतत लिहून-पुसून ती काही वर्षांत झिजायची. मग मागचे दाखवणारा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवायची सोय बंद पडायची. मोबाइल आपण तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षे चालवतो. घरगुती उपकरणातल्या चिपने साधारण ० ते ७० अंश तापमान सोसले की भागते. इंजिनजवळच्या चिपला उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत तग धरावी लागते. बाजारातला माल वाईट नसतो. त्याला कुठे बसवायचे, हे आपण ठरवतो.

आता आम्ही एकच प्रश्न विचारतो : हा भाग निकामी झाला तर कोणाचा जीव जाईल? केबिनमधल्या पंख्याला बाजारातले काहीही चालेल. ब्रेक, स्टिअरिंग किंवा कंटेनर धरणारे लॉक असेल, तर योग्य भाग येईपर्यंत गाडी उभी राहील. काही गिऱ्हाइके चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

तो ड्रायव्हर मात्र अजून आमच्याकडेच येतो. पाईप बदलला की लंगडत खाली वाकतो आणि स्वतः हात फिरवून पाहतो. आम्ही त्याला अडवत नाही.