पुढच्या आवृत्तीत

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. एक पुतण्याने आणून दिलेला, सडपातळ, अजिबात आवाज न करणारा. दुसरा आतल्या खोलीत, विंडोज एक्सपीचा. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून होतो, आणि अधूनमधून तारीख विसरून तो २००२ सालात जाऊन बसतो. (माझंही हल्ली तसंच होतं, पण ते असो!) तरी मी तो टाकू देत नाही. कारण त्यात पेजमेकर आहे आणि पेजमेकरमध्ये आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे.

१९९९ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तो टाइप केला. माहिती जमवायचं काम ह्यांचं. पोस्टकार्डं पाठवायची, गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांसमोर वही उघडून बसायचं. टायपिंग माझ्याकडे, कारण लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. पेजमेकर तेव्हा डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाकडे असायचा. १९८५ साली ऑल्डस कंपनीने तो काढला, १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीत गेली, आणि २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली. पुढे सगळे इनडिझाइनकडे गेले. मी नाही गेले.

खरं म्हणजे अडचण पेजमेकरची नाही, फॉन्टची आहे. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवून केलेले असत. आपल्याला 'क' दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह आहे. त्यातही प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर आमचे सगळे पूर्वज कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं होऊन बसतात. माझं फॉन्टचं पॅकेज चालतं एका डोंगलवर, तो लागतो प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला, आणि तसं पोर्ट नव्या कॉम्प्युटरला नाहीच. थोडक्यात, डोंगल हरवला की २१२ पानांचा निर्वंश!

पुतण्या कित्येक वर्षं मागे लागला होता. "काकू, युनिकोडमध्ये आणूया. मुलांना फोनवर नाव शोधता आलं पाहिजे. तुमच्या पीडीएफमध्ये 'गोविंद' शोधलं तर एकही सापडत नाही, आणि आपल्याकडे अकरा गोविंद आहेत!"

त्याचं बरोबर होतं. पण बोटांना कोण समजावणार? टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. रफार अक्षर झाल्यावर. जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं: आधी 'क', मग वेलांटी, आधी पाय मोडलेला 'र', मग 'ग'. शिक्षिका म्हणून मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. टायपिस्ट म्हणून अजून चिडचिड होते.

शेवटी गेल्या दिवाळीत तो आला, मजकूर कन्व्हर्टरमधून काढला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "झालं!"

मी वाचायला बसले. अश्विनीची 'अशि्वनी' झाली होती. दुर्गाची 'दुगार्'. वेलांटी जोडाक्षराच्या मधेच अडकलेली, रफार भलत्याच जागी. हे निदान दिसतं तरी. न दिसणाऱ्या चुका भयंकर. आमच्या घराण्यातले एक पूर्वज साताऱ्याकडे एका इनामदारांच्या वाड्यात आचाऱ्याचं काम करायचे. कन्व्हर्टरने त्यांचा अर्धा 'ऱ' सरळ केला, आणि ते 'आचार्याचं काम' करू लागले! पुतण्याला यात काहीच चुकलेलं दिसेना. व्याकरण बरोबर, शब्दही बरोबर. फक्त माणूस चुकीचा. (काही नातेवाइकांना ही बढती आवडली असती याची मला खात्री आहे.)

तेव्हा लक्षात आलं, मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीला जपत होते. मशीन सांभाळलं म्हणजे मजकूर सांभाळला, असं मला वाटायचं. पण आचारी होते की आचार्य, हे मशीनला कधीच माहीत नव्हतं. ते ह्यांना माहीत होतं, आणि मला. हे २०१८ साली गेले. मी शहात्तर वर्षांची आहे. हा मजकूर मी असतानाच नव्यात यायला हवा, कारण आल्यावर तो तपासणार कोण?

म्हणून रोज सकाळी छापील पुस्तक डावीकडे, नवा कॉम्प्युटर उजवीकडे, आणि ओळीवर पट्टी ठेवून वाचते. पेपर तपासायची सवय कामी येते आहे. दिवसाला तीन पानं होतात.

परवा पान ८७ वर पोहोचले. तिथे आमच्या वन्सं आहेत, वत्सलावन्सं. पुस्तक हातात पडलं त्याच दिवशी त्या हसत म्हणाल्या होत्या, "वहिनी, माझा काना कुठे गेला हो?" मी 'वत्सल' टाइप केलं होतं. मी ओशाळून म्हटलं, "पुढच्या आवृत्तीत नक्की घालते." पुढची आवृत्ती निघाली नाही. एका कान्यासाठी फाइल उघडायची, पुन्हा ट्रेसिंग काढायचं, कोण करणार? वन्सं २०१३ साली गेल्या.

कन्व्हर्टरने बाकी इतका गोंधळ घातला, पण माझी ही चूक मात्र इमानदारीने जशीच्या तशी आणली होती. मी कर्सर 'ल'च्या पुढे नेला आणि काना दिला.

असो. अजून १२५ पानं आहेत. जुना कॉम्प्युटर तोवर राहू दे म्हटलंय पुतण्याला. तो हसला, पण काही बोलला नाही.