उरलेले तेवीस तास

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात सरावाला येणाऱ्या नव्या धावपटूला मी आधी त्याचा वेग विचारत नाही. "दिवसभर काय करता?" एवढंच विचारतो. पळणं तासाभराचं असतं. उरलेल्या तेवीस तासांत पाय काय करतात, यावर त्या तासाचं फळ अवलंबून असतं.

धावपटू अविनाश साबळेचंच बघा. तो बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेसाठी तो सहा किलोमीटर जायचा, कधी चालत, कधी पळत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. त्यामागे सैन्यात भरती झाल्यानंतरचा खडतर सराव आहे. पण तो सराव पेलणारे पाय शाळेच्या वाटेनंच घडवायला घेतले होते, असं मी मानतो.

कारण दम लवकर वाढतो, पाय सावकाश तयार होतात. काही आठवडे नियमित पळालं की धाप कमी लागते आणि माणूस अंतर वाढवतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र बळकट व्हायला महिने घेतात. म्हणून नवख्यांच्या नडग्या दुखतात, टाचेमागची शीर धरते. ज्यांचं चालणं, चढणं, वाकणं, उकिडवं बसणं रोजचंच आहे, त्यांच्या पोटऱ्या आणि घोटे आधीपासून सरावलेले असतात. हृदयालाही याचा लाभ होतो. १९५३ मध्ये संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळलं होतं.

खुर्चीवर काम करणाऱ्यांना म्हणून मी आधी जास्त पळायला सांगत नाही. तासाभरानं उठा, जिना चढा, भाजी आणायला चालत जा, जेवायला जमिनीवर मांडी घालून बसा. तासन्‌तास बसून जांघेचे स्नायू आखडतात, पाऊल मागे पुरेसं जात नाही आणि घाटात सगळा भार गुडघ्यावर येतो.

मात्र कष्टांचे नुसते गोडवे गाऊ नयेत. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेल्या मुलीला संध्याकाळी इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून वेगानं पळण्याचा सराव, देणं हा तिच्यावर अन्याय आहे. बंदोबस्तात उभा राहिलेला पोलीस, वर्गात उभं राहून शिकवणारी बाई, घरचं पाणी भरणारी आई, यांच्या पायांनी त्या दिवसाचं काम आधीच केलेलं असतं. शरीर शेतातला थकवा आणि मैदानातला थकवा वेगळा मोजत नाही. हालचालीनं पाया पक्का होतो, पण बळ भरतं ते झोपेत आणि पोटभर जेवणानं. अशा दिवशी हलकं पळावं किंवा सरळ विश्रांती घ्यावी; वेगाचा सराव मोकळ्या दिवशी ठेवावा.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येकाच्या वहीत किलोमीटरांशेजारी आणखी एक रकाना असतो: किती वेळ उभे होतात, किती चाललात, काय उचललंत, किती झोपलात. तो रकाना वाचल्याशिवाय मी कुणाचंही पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहीत नाही.