घर खुर्चीच्या उंचीला आण

दर्यापूर,
नागपंचमी

प्रिय नलू,


काल तुझ्या अरुणचा फोन आला. तुझा खुबा बदलून झाला, जखम कोरडी आहे आणि पुढच्या आठवड्यात तुला अमरावतीहून येवद्याला आणायचं ठरलंय, हे कळलं. फार बरं वाटलं. पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे तुझं घर फिरतंय. न्हाणीचा तो उंबरठा, अंगणाच्या टोकाचा संडास, खाली मांडलेली शेगडी. डॉक्टरांचं काम दोन-अडीच तासांत उरकलं. राहिलेलं काम घराचं आहे आणि ते तू पोचायच्या आधी व्हायला हवं. म्हणून सविस्तर लिहिते. तू वाच आणि मग अरुणला दे.

आपल्या वऱ्हाडातलं सगळं जगणंच जमिनीलगतचं. भाकरी थापायची ती पाटावर बसून, दाळ निवडायची ती मांडी घालून, नातू न्हाऊ घालायचा तो पायांवर. तुझ्या अंगात बसवलेला सांधा मात्र खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशात जन्मला. इंग्लंडात राइटिंग्टनच्या हॉस्पिटलात जॉन चार्नली नावाच्या सर्जनने आधी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली. ती काही वर्षांतच झिजायची आणि पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागायचं. मग नोव्हेंबर 1962 मध्ये त्यांनी दाट पॉलिथिलीनची वाटी बसवली आणि ती टिकली. हा पदार्थ शरीराला सोसतो का, हे बघायला त्यांनी तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला होता. असल्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

त्या वाटीत गोळा बसतो. तो धरून ठेवणारे स्नायू आणि सांध्याची पिशवी कापून पुन्हा शिवलेली असते. ती भरून येण्याआधी खाली बसलं, पाय आत वळला, की गोळा निसटू शकतो. म्हणून बसताना गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. पायावर पाय टाकायचा नाही, झोपतानासुद्धा मधे उशी हवी. ऑपरेशनच्या पायाचा अंगठा आत वळवायचा नाही. साधारण सहा आठवडे ते तीन महिने हे पाळावं लागतं. सांधा मागून उघडला असेल तर बंधनं कडक, पुढून उघडला असेल तर वेगळी. सुटी होण्याआधी तुझ्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचार, आणि पायावर किती भार द्यायचा तेही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, संडास. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत घरोघरी शौचालयं झाली, चांगलंच झालं. पण बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं भांडं. साठीच्या पुढच्या माणसांचा विचार तेव्हा कुणी केला नाही याचं मला वाईट वाटतं. तू ते भांडं फोडू नकोस. कमोडची खुर्ची आण, तिच्या खालचं डबडं काढून टाक आणि खुर्ची सरळ त्या भांड्यावर ठेव. चारही पाय सपाट जमिनीवर टेकले पाहिजेत, नसता गवंड्याकडून फरशी सारखी करून घे. पायांना रबराची बुचं हवीत. बैठक तुझ्या गुडघ्याच्या मागच्या घडीपेक्षा थोडी उंच ठेव. बसताना मागे मागे सरकायचं, खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा, दोन्ही हात दांड्यांवर आणि मग हळू खाली. मग्गा मागे ठेवलास की कंबरेत वळावं लागतं, तिथंच घात होतो. उजव्या हाताशी स्टूल, स्टुलावर पाणी. नाहीतर नळीचा जेट लावून घे. भिंतीत लोखंडी पाइप पक्का बसव, नळाला धरून उठायचं नाही.

रात्री अंगण ओलांडून जायचंच नाही. तेव्हा डबडं लावून तीच खुर्ची पलंगाशी ठेवायची. आणि नलू, कुणाला उठवावं लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करू नकोस. आपल्या बाया हे हमखास करतात. त्याने पोट साफ होत नाही, लघवीची जळजळ लागते आणि पडून राहिलेल्या शरीरात रक्त घट्ट झालेलं बरं नव्हे. सुनेला हाक मार. तिची बाळंतपणं तू काढलीस. एवढा हक्क तुझा आहे.

पाण्याचंही बघ. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, सगळी भिस्त नळावर, आणि नळ रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी हंडे, गुंड्या, ड्रम भरून जमिनीवर मांडलेले. त्यातून वाकून पाणी काढणं तुला चालणार नाही. ड्रम विटांच्या ओट्यावर चढवा आणि त्याला खाली तोटी बसवा. शेगडी टेबलावर घ्या. पोळपाट टेबलावर नीट बसतो. भाकरी उभ्याने थापायला दोन-चार दिवस जड जाईल, मग हात बसतो. बाजेवर मात्र झोपू नकोस. तिचा मधला भाग खाली जातो, आणि त्या झोळातून उठणं म्हणजे सांध्यावर ताण. पलंग असेल तर त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी फिजिओथेरपीच्या खोलीत मला एक पोरगा भेटला होता. तेविशीचाही नसेल. सिकलसेलने त्याच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड आतून मेलं. आपल्या विदर्भात हा आजार किती आहे, हे तिथं बसल्यावर कळतं. त्यानेच मला पायऱ्या शिकवल्या. म्हणाला, "मावशी, चढतानी चांगला पाय पुढं, उतरतानी ऑपरेशनचा. काठी चांगल्या पायाकडच्या हातात." तेवढं लक्षात ठेव. अंगणात मात्र पाऊस उघडेपर्यंत उतरू नकोस, तोवर दिवसाही कमोडची खुर्ची पलंगाशीच वापर. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात वॉकरचे पाय रुततात आणि मग ना पुढे जाता येतं ना मागे. घरातल्या घरात, ओसरीपासून देवघरापर्यंत फेऱ्या घाल, दिवसातून अनेकदा, थोड्या थोड्या.

तुझी खरी काळजी मला ठाऊक आहे. पुढे महालक्ष्म्या आहेत. सोळा भाज्या, आंबील, पंगत, सगळं तुझ्या हाताखालून जातं. या वर्षी तू खुर्चीवर बसून सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. पूजाही खुर्चीवरून. लक्ष्म्या आपल्या घरी उभ्याच असतात, त्यांना तू पाटावर बसलीस की खुर्चीवर याने काही उणं पडत नाही. थोरामोठ्यांना उभ्याने हात जोड. कुणी "एवढं वाकायला काय होतं" म्हणालं तर उत्तर द्यायला मला बोलव.

एक कागद जप. सांध्याची कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेली चिकटपट्टी फाइलमध्ये आहे का पाहा, नसेल तर मागून घे. डीप्यू कंपनीने 2010 मध्ये आपले सदोष खुबे जगभरातून परत मागवले. भारतात ते सुमारे 4,700 जणांना बसवले होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा पुढे पत्ताच लागला नाही. आपली नोंद आपल्यापाशी हवी.

पोटरी सुजली, दुखली, जखमेतून पाणी आलं, ताप भरला, एकदम धाप लागली तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना. गाडीत पुढच्या सीटवर बस, सीट मागे सरकवून. आधी पाठ टेकव, मग दोन्ही पाय एकत्र आत. एसटीची पायरी सध्या विसर.

माझी कमोडची खुर्ची, लांब दांडीचा चिमटा आणि जास्तीची काठी धुऊन ठेवलीय. अरुणला ऑटो घेऊन यायला सांग, मोटरसायकलवर खुर्ची नेता यायची नाही. मुख्य दाराची रुंदी मोजून मला कळव, वॉकर आत जातो का ते पाहायचंय. गवंडी माझ्या ओळखीचा आहे, त्याला परवा सकाळी तुझ्याकडे पाठवते.

तुझी,
ताई